मिंजिंगूचा खडक

शेतीला खत लागतें, हें कोणालाही सांगावयास नको. परंतु तें खत कोठें तयार होतें व कोणाच्या शेतांत पडतें, यावर एखाद्या देशाचें अन्न अवलंबून असतें, ही गोष्ट शहरवासी श्रोत्यांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील टांझानियाचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

टांगानिका १९६१ सालीं स्वतंत्र झाला व १९६४ सालीं झांजिबारशीं एक होऊन त्याचा टांझानिया बनला. खत आपल्याच देशांत व्हावें, या हेतूनें १९७२ सालीं टांगा बंदरांत कारखाना सुरू झाला. तथापि त्याचें स्वदेशीपण बरेंचसें नांवापुरतें होतें. गंधक, अमोनिया, पोटॅश हा कच्चा माल जहाजांतून येई. म्हणजे पूर्वी खतासाठीं परचलन लागे, तें आतां खताच्या घटकांसाठीं लागूं लागलें.

वस्तुतः स्फुरदाचा साठा देशाच्या पोटांतच होता. मान्यारा सरोवराजवळील मिंजिंगू येथें १९५६ सालींच तो सांपडला होता. प्राचीन काळीं सरोवर विस्तीर्ण असतां जलपक्ष्यांची विष्ठा व माशांचे अवशेष साचून हा खडक बनला. १९८३ च्या सुमारास तो खणून टांग्यास जाऊं लागला. पण १९९१ सालीं तो कारखानाच बंद पडला आणि खाणीचें मुख्य गिऱ्हाईक नाहींसें झालें.

खडक मात्र निरुपयोगी ठरला नाहीं. सामान्यतः असा दगड गंधकाम्लानें विरघळवून त्याचें सुपरफॉस्फेट करावें लागतें. मिंजिंगूचा खडक मऊ असल्यामुळें आम्लधर्मी जमिनींत त्याची पूड आपोआप विरघळते. पश्चिम केनियांत १९९० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं ही पूड व कुंपणाच्या टिथोनिया झुडपाचा पाला एकत्र वापरून पाहिला. पाल्यानें नत्र दिलें, दगडानें स्फुरद दिलें, आणि मक्याचें पीक वाढलें. अर्थात् जेथें जमीन आम्लधर्मी नाहीं, तेथें नुसत्या पुडीचा उपयोग फारसा नाहीं.

युरियासारख्या नत्रखताची गोष्ट निराळी. त्यास नैसर्गिक वायु व अवाढव्य यंत्रें लागतात. नायजेरियांत लेक्की येथें वर्षाला ३० लाख टन युरिया करण्याचा कारखाना २०२२ सालीं उघडला. त्याच वर्षीं युक्रेनच्या युद्धानें जगभर खतें महागलीं होतीं. पण तेथील बराचसा युरिया ब्राझीलसारख्या दूरच्या देशांनीं विकत घेतला. कारण त्यांच्यापाशीं रोख पैसा होता आणि आफ्रिकेच्या अंतर्भागांतील शेतकऱ्यापाशीं ना पैसा, ना त्याच्या गांवापर्यंत पक्का रस्ता.

२००६ सालीं अबुजा येथें आफ्रिकी राष्ट्रांनीं संकल्प केला होता, कीं हेक्टरी सुमारें ८ किलोवर असलेला खताचा वापर २०१५ पर्यंत ५० किलोवर न्यावा. ती मुदत संकल्प सिद्धीस न जातां संपली. तात्पर्य, धुराडें आपल्या भूमीवर उभें राहिलें, एवढ्यानें खत स्वदेशी होत नाहीं. त्याचा कच्चा माल आपला असावा लागतो, आणि त्याचें पोतें आपल्याच शेतकऱ्याच्या बांधावर उतरावें लागतें.