वेगाची रुजुवात

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास येणारा आणि तेथून औशावरून तुळजापूरकडे जाणारा जो मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून सरकारी दप्तरी नोंदलेला आहे, त्यावर चालणाऱ्या वाहनाने मर्यादा ओलांडली की दंडाचे चलान मालकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडते. आणि ते पडताच मुकाट्याने रक्कम भरणारे किंवा वर्ष-दोन वर्षे त्याकडे काणाडोळा करून लोकअदालतीची वाट पाहणारे असे दोनच पंथ आमच्या मुलखात दिसतात. मर्यादा सरकारने ठरवावी, पण ती मोडली गेल्याची रुजुवातही सरकारनेच करावी, हे तत्त्व वेगमर्यादेइतकेच जुने आहे. ते मराठवाड्यात कसे येऊन पोचले, याची हकीकत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

निजामी अमलात लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा चिंचोळा रूळ तेथवर आला, १९१७ साली गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली, आणि तिच्याभोवती येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवरून तुरीच्या, भुईमुगाच्या व सरकीच्या गाड्या आडत बाजारात येऊ लागल्या. त्या रस्त्यांवर वेगाचा निर्बंध बैलानेच घालून दिलेला होता. पुढे १९३० साली निजाम संस्थानातील मुख्य रेल्वे कंपनीकडून संस्थान सरकारच्या ताब्यात आली आणि १९३२ च्या जूनमध्ये त्याच रेल्वेच्या अधिपत्याखाली २७ मोटारी व १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर संस्थानचे रस्ता-वाहतूक खाते सुरू झाले. रेल्वे आणि मोटार एकाच खात्याने चालवावी, ही कल्पना त्या काळी हिंदुस्थानात अपूर्व होती, आणि हैदराबादच्या कारभाराचे हे श्रेय निःसंकोच मान्य केले पाहिजे.

त्याच कारभाराची दुसरी बाजू मात्र प्रजेच्या मनात खोल रुतून बसली. जिल्ह्यात अव्वल तालुकदार, पोलिसांवर मोहतमीम, ठाण्यावर अमीन, आणि सगळा कागद उर्दूत. अशा व्यवस्थेत नांदेडच्या किंवा औशाच्या साध्या माणसास अंमलदाराच्या शब्दापुढे आपली कैफियत मांडण्याची सवय लागावी तरी कशी? वास्तविक १९२१ साली निजामाने न्यायखाते महसुली व पोलिसी अधिकाऱ्यांपासून वेगळे केले होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी हे झालेले नव्हते. तरीही कागदावरची ही सुधारणा गावापर्यंत उतरावयास फार काळ लागला. ‘पेशी’ हा शब्द उच्चारताच मराठवाड्यातील वृद्धांच्या कपाळाला अजूनही जी आठी पडते, तिचे मूळ मला या इतिहासात दिसते.

आता क्षणभर विलायतेकडे वळले पाहिजे, कारण कायद्याचे बीज तिकडचे. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीस उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल व गावात २ मैल एवढीच मुभा होती. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर आर्नोल्ड नावाच्या गृहस्थास ताशी ८ मैलांच्या वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला. १९०३ साली मर्यादा २० मैलांवर गेली, आणि त्याच कायद्यात पार्लमेंटने असे कलम घातले की, केवळ एका साक्षीदाराच्या वेगाविषयीच्या मतावरून कोणासही दोषी ठरवू नये. हे कलम घालणाऱ्यांची दूरदृष्टी मोठी होती. मनुष्याचा डोळा वाहनाचा रंग सांगेल, दिशा सांगेल, चालकाचा चेहराही कदाचित सांगेल. परंतु समोरून येणारी वस्तू ताशी १८ मैलांनी येते की २२ मैलांनी, हे तो सांगू शकत नाही, आणि मोठा आवाज करीत, धूळ उडवीत येणारी गाडी त्यास नेहमीच अधिक वेगवान भासते. म्हणून पोलीस मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांस उभे राहून थांबघड्याळाने काळ मोजू लागले, आणि अशा सापळ्यांची आगाऊ सूचना मोटारवाल्यांस देण्यासाठी १९०५ साली तिकडे ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली.

घड्याळही निर्दोष नव्हते. एक फर्लांग म्हणजे मैलाचा अष्टमांश. ताशी ३० मैलांनी तो ओलांडावयास बरोबर १५ सेकंद लागतात, आणि कळ दाबणाऱ्याच्या बोटाने एका सेकंदाची जरी घाई केली, तरी तोच वेग कागदावर ३२ मैलांहून अधिक भरतो. मर्यादेच्या काठावरील माणूस अपराधी की निरपराध, हे अशा वेळी शिपायाच्या अंगठ्यावर ठरे. अंतर कोणी मोजले, घड्याळ कधी तपासले, हे प्रश्न न्यायासनापुढे विचारले जाऊ लागले ते यामुळेच.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हीच परंपरा आपल्याकडे आली. त्याच्या ७१ व्या कलमाने वेगमर्यादा घातली, आणि तपशील परिशिष्टात देताना चाकांना हवेचे टायर आहेत की भरीव, मागे जोडगाडी आहे की नाही, यावरून वर्गवारी केली. ११५ व्या कलमात शिक्षेबरोबरच ते जुने संरक्षणही ठेवले: एकाच साक्षीदाराचे मत एवढ्यावरून शिक्षा होणार नाही, मात्र ते मत एखाद्या यांत्रिक साधनाने मिळवलेल्या अंदाजावर आधारलेले असल्यास गोष्ट वेगळी. त्यालगतचे उपकलम तर मला सबंध कायद्यातील सर्वांत न्याय्य वाटते. ज्या वेळापत्रकाप्रमाणे किंवा ज्या हुकुमाप्रमाणे ठरावीक वेळात प्रवास पुरा करणे मर्यादा मोडल्यावाचून शक्यच नाही, ते वेळापत्रक वा तो हुकूम हाच, ते काढणाऱ्या मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा समजावा, असे त्यात म्हटले आहे. सकाळच्या सौद्याला माल पोचलाच पाहिजे, अशी ताकीद घेऊन रात्री निघणाऱ्या ट्रकचालकाचे दैन्य ज्यांनी लातूरच्या आडत बाजारात पाहिले असेल, त्यांस या वाक्याचे मोल सांगावयास नको. ते आजही १९८८ च्या कायद्यात १८३ व्या कलमाखाली जिवंत आहे. दंड मात्र जवळजवळ नेहमी एकट्या चालकावरच येतो, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५१ साली हैदराबादसारख्या भाग ‘ब’ राज्यांस मध्यवर्ती कायदे लागू करणारा अधिनियम आला. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. अमिनाच्या जागी फौजदार आला, उर्दूच्या जागी मराठी आली, आणि १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हाही झाला. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार कायदा अमलात आला, तेव्हा अतिवेगाचा दंड पहिल्या गुन्ह्यास ४०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये झाला.

मर्यादेचे आकडे केंद्राने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने ठरविले आहेत. दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारीस ताशी १०० किलोमीटर, दुचाकीस ८०. नगरपालिकेच्या हद्दीत मोटारीस ७०, दुचाकीस ६०. ही कमाल होय. राज्यास विशिष्ट पट्ट्यात ती खाली आणता येते, परंतु ११२ व्या कलमाप्रमाणे त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर रीतसर फलक, या दोन्ही गोष्टी लागतात. अपवाद फक्त महिन्याच्या आतील तात्पुरत्या निर्बंधांचा. तेव्हा चलानावर लिहिलेली मर्यादा केंद्राच्या आकड्याहून कमी असेल, तर ती कोणत्या अधिसूचनेने आली, हा प्रश्न उद्धटपणाचा नसून कायद्यातलाच आहे.

थांबघड्याळाची जागा आता रडार आणि लेसरने घेतली आहे. त्यांची अचूकता निर्विवाद अधिक आहे, पण एकाशेजारी एक दोन वाहने धावत असता रडारचा पसरट झोत कोणावर पडला, ही शंका उरतेच. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला १६७-अ हा नियम याच शंकेचे उत्तर देऊ पाहतो. साधनास मान्यतेचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. असे साधन लावलेल्या जागेआधी सूचनाफलक हवा. अपराधाची नोटीस १५ दिवसांत जावी. चलानासोबत छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ व स्थळ यांची नोंद असावी. या नियमाच्या यादीतील शहरांत लातूरचे नाव आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. अतिवेग हा एक अपराध आणि बेदरकारपणा हा दुसरा. कर्नाटकातील एका ट्रक अपघाताच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वाहन ‘भरधाव’ होते एवढ्या उक्तीने निष्काळजीपणा शाबीत होत नाही. भरधाव म्हणजे किती, हे फिर्यादी पक्षाने दाखवावे लागते.

पुरावा मागणे म्हणजे वेगाची तरफदारी करणे, असा समज कोणी करून घेऊ नये. ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात पुढे असताना या गणिताला क्षमा नसते. मर्यादा हवीच, आणि ती पाळली पाहिजे. ज्याने ती खरोखर मोडली, त्याने दंड भरावा. पण ज्यास चलान चुकीचे वाटते, त्याने छायाचित्रातील क्रमांक, स्थळ, वेळ आणि मर्यादा ताडून पाहून वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यापुढे आरोप नाकबूल करून साधनाचे प्रमाणपत्र मागावे. लोकअदालतीत तडजोड होते, पुराव्याची छाननी होत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. निरपराध असल्याची खात्री असलेल्याने तिकडे जाण्याआधी याचा विचार करावा.

नांदेड व लातूर येथील जिल्हाधिकारी कचेऱ्यांना आणि परिवहन कार्यालयांना माझी एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक रस्त्यावर लागू असलेल्या वेगमर्यादांची अधिसूचना आणि वापरातील साधनांच्या प्रमाणपत्रांच्या तारखा मराठीत छापून दर्शनी भागी लावाव्यात, म्हणजे गावाकडच्या माणसास त्या कोणाकडे मागत फिरावे लागणार नाही.