फ्रेंच शब्दांतील आघात

फ्रेंच शब्दाचा आघात शेवटच्या उच्चारित अक्षरावर कां पडतो, ह्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. लॅटिनमध्यें तो बहुधा उपान्त्य किंवा त्यामागील अक्षरावर असे. 'बोनितातेम' व 'ताबुला' ह्या दोहोंत तो 'ता'वर होता. पुढील स्वर झिजले, आघाताचें अक्षर तगलें, आणि 'बोंते' व 'ताब्ल' हे शब्द झाले. गास्तों पारीस ह्या पंडितानें १८६२ सालीं हा विषय ग्रंथरूपानें मांडला. 'ताब्ल'च्या अंतीं लिहिला जाणारा 'ए' आज बोलतांना मूक असतो. परंतु अभिजात पद्यांत पुढें व्यंजन आल्यास त्याचें अक्षर मोजावेंच लागतें, नाहींतर बारा अक्षरांचा अलेक्झांद्रीन चरण लंगडतो. आपल्या 'देव' शब्दाचा अन्त्य 'अ'हि बोलण्यांत लोपतो, गणवृत्तांत मात्र उच्चारला जातो. केवळ बोलीवर विसंबून पद्य वाचणारा त्याच्या लयीस मुकतो.