सीतापाराइटचे काय झाले?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधासाठी आम्ही त्या पट्ट्यातले धातुकाचे तुकडे गोळा केले, घासून गुळगुळीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दिसलेल्या खनिजांचा एक तक्ता तयार केला. त्या तक्त्यात तिसऱ्या ओळीवर ‘सीतापाराइट’ असे नाव होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, ‘हे नाव तुम्ही कुठून घेतलेत?’ आम्ही अभिमानाने ग्रंथाचे नाव सांगितले. ‘आणि तो ग्रंथ कधीचा?’ १९०९ सालचा, असे सांगताना मात्र आमचा आवाज जरा खाली आला.

ग्रंथ काही साधासुधा नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत १९०२ साली रुजू झालेल्या लुई ली फर्मर या तरुण भूवैज्ञानिकाने भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर लिहिलेला तो बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथराज. सर्वेक्षणाच्या ‘मेमॉयर्स’ मालिकेचा हा सदतिसावा खंड आजही या विषयात पायाचा मानला जातो. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव फर्मरनेच दिले आणि ते जगभर टिकले. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावी मिळालेल्या एका काळसर खनिजाला त्याने ‘सीतापाराइट’ म्हटले. आपल्या भागातल्या एका खेड्याचे नाव खनिजशास्त्रात गेले, याचे आम्हांला कोण कौतुक! पण हे नाव टिकले नव्हते.

अमेरिकेतील युटा प्रांतात मिळालेले ‘बिक्सबाइट’ हे खनिज १८९७ मध्येच वर्णिले गेले होते. ही दोन्ही मँगनीज आणि लोह यांची ऑक्साइडे. फर्मरच्या काळी खनिज ओळखायचे ते रासायनिक पृथक्करण, स्फटिकाचा आकार, घनता, कठीणपणा यांवरून. क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना पाहता येते हे १९१२ नंतर कळले. त्यामुळे लोहाचे प्रमाण वेगळे दिसले की खनिज वेगळे, असे वाटणे स्वाभाविक होते. पुढे ब्रायन मेसन हा न्यूझीलंडचा तरुण संशोधक शिक्षणासाठी नॉर्वेत गेला, युद्धामुळे तेथून स्वीडनला आला. स्वीडनमधील लोंगबान येथील बिक्सबाइटचा अभ्यास करताना त्याने दाखवून दिले, की सीतापाराइट आणि बिक्सबाइट एकच. हा निबंध १९४२ साली स्वीडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. मध्य प्रांतातल्या खेड्याच्या नावाने चाललेल्या खनिजाचा निकाल महायुद्धाच्या ऐन धामधुमीत स्टॉकहोममध्ये लागला. आम्ही भंडाऱ्याचे नमुने घेऊन बसलो तेव्हा त्या निकालाला साठ वर्षे होऊन गेली होती.

आता प्रश्न असा, की हे आम्हांला कळायचे कसे? आळस हे आमच्या चुकीचे एक कारण होतेच, ते नाकारत नाही. पण दुसरे कारण संदर्भांच्या स्वभावातच आहे. कोणताही ग्रंथ वा निबंध आपल्याला मागे नेतो. फर्मरने कोणाचे काम वाचले होते हे त्याच्या तळटिपांवरून कळते. त्या लोकांनी कोणाचे वाचले, हे त्यांच्या तळटिपांवरून. अशी शिडी उतरत आपण १८५० पर्यंत सहज जाऊ. पण फर्मरच्या नंतर त्याच्या कामाचे काय झाले, कोणी खोडले, कोणी पुढे नेले, हे फर्मरचा ग्रंथ सांगू शकत नाही. १९०९ च्या कागदावर १९४२ ची बातमी कशी असणार?

यावर जुना उपाय म्हणजे सारांशपत्रिका. अमेरिकेतील ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ १९०७ साली सुरू झाली. आपल्याकडे युनेस्कोच्या मदतीने १९५२ मध्ये दिल्लीत ‘इन्सडॉक’ ही संस्था निघाली. हवा असलेला निबंध मिळवून त्याची नक्कल पोस्टाने पाठवणे हे तिचे एक मोठे काम होते. १९६५ पासून ‘इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ ही निघू लागली. पण सारांशपत्रिका विषयवार लावलेली असते. तुम्ही कोणत्या शब्दाखाली शोधता यावर सगळे अवलंबून. आम्ही ‘मँगनीज, भारत’ एवढेच पाहिले असते, तर लोंगबानच्या बिक्सबाइटवरचा निबंध हाती लागलाच नसता. शिवाय आम्ही ज्या ग्रंथालयात बसत होतो तिथे पत्रिकेची वर्गणी मधली काही वर्षे थांबलेली होती. मांडणीवर खंडांच्या रांगेत एक खिंडार होते आणि त्या खिंडारात काय हरवले हे कोणालाच सांगता येत नव्हते.

वेगळा उपाय सुचला तो वकिलांच्या धंद्यातून. न्यायालयाचा जुना निवाडा आधाराला घ्यायचा, तर तो नंतर कोणी फिरवला नाही ना, हे वकिलाला आधी पाहावे लागते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील फ्रँक शेपर्ड याने १८७३ साली नेमकी अशी सोय काढली. प्रत्येक निवाड्याचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला हे छापलेल्या डिंकाच्या चिठ्ठ्या तो विकू लागला. वकिलांनी त्या आपल्या पुस्तकात संबंधित निवाड्याशेजारी चिकटवायच्या. ही पद्धत विज्ञानाला लावता येईल हे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मधील लेखात मांडले आणि १९६४ पासून त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित प्रसिद्ध करायला सुरुवात केली. यात शोध विषयाने करायचा नसतो. ‘फर्मर, १९०९’ ही नोंद काढायची, की त्या वर्षी फर्मरचा उल्लेख ज्यांनी केला त्यांची यादी खाली मिळते. मूळ काम कितीही जुने असले तरी चालते. शिडी वर चढण्याची सोय प्रथमच झाली.

परीक्षेनंतर आमच्या मार्गदर्शकांनी आम्हांला एका मोठ्या शहरातील संस्थेत पाठवले, तेव्हा आम्ही ते जाडजूड, बारीक अक्षरांचे खंड पहिल्यांदा उघडले. तिथून जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय यांचे भारतीय मँगनीज धातुकांवरचे काम हाती आले. त्यातून मागे येत मेसनपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. म्हणजे फर्मरपासून थेट मेसनकडे वाट नव्हती. आधी पुढे जाऊन मग मागे यावे लागले. संशोधनात हे फार वेळा होते.

त्या दोन दिवसांत आम्ही पत्रे करायला शिकलो. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वर लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पाने, खाली चार ओळींत सार. हे सगळे शिकवतात. मार्गदर्शकांनी उजव्या कोपऱ्यात आणखी दोन गोष्टी लिहायला लावल्या: कधी पाहिले ती तारीख, आणि ‘मूळ’ की ‘ऐकीव’. निबंध स्वतः वाचला असेल तर ‘मूळ’. दुसऱ्याच्या यादीतून उचलला असेल तर ‘ऐकीव’. तेव्हा हा खटाटोप वाटला. पण याच सुमारास, २००३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातील सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी एक गमतीदार हिशेब मांडला. संदर्भयाद्यांतील छपाईच्या चुका जशाच्या तशा किती जण पुढे उतरवतात हे मोजून त्यांनी अंदाज केला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचत असावेत. परीक्षेत नक्कल पकडताना आपण शिक्षक हीच युक्ती करतो. दोघांची चूक एकच असेल तर उत्तर कुठून आले हे कळते.

आज पत्र्यांची जागा संगणकाने घेतली आहे. ‘गूगल स्कॉलर’ २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. ते बांधणाऱ्या दोघांपैकी अनुराग आचार्य हे खरगपूर आय.आय.टी.चे विद्यार्थी. त्यात प्रत्येक निबंधाखाली ‘याचा उल्लेख कोणी केला’ ही सोय असते. गारफील्ड यांचीच कल्पना, पण फुकट. ‘झोटेरो’ ही २००६ साली निघालेली मोफत प्रणाली संदर्भ साठवते, हव्या त्या पद्धतीने यादी करून देते, आणि तुमच्या संग्रहातला एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर तसा इशाराही देते. आमच्या तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर मात्र तिने इशारा दिला नसता. फर्मरचा ग्रंथ कोणी मागे घेतलेला नाही. त्यातले एक नाव फक्त जुने झाले आहे. आणि ‘मूळ’ की ‘ऐकीव’ हा रकाना त्यात आयता नसतो. आम्ही तो खुणेच्या शब्दांनी भरतो.

भंडाऱ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक अडचण येते, ती नावांची. हा जिल्हा जुन्या निबंधांत ‘मध्य प्रांत’ याखाली सापडतो. १९५० नंतरच्या काही वर्षांत तो ‘मध्य प्रदेश’ असतो, १९५६ ते १९६० ‘मुंबई राज्य’, आणि मग ‘महाराष्ट्र’. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या लेखातला ‘भंडारा जिल्हा’ म्हणजे आजचे दोन जिल्हे. चिखलाचे रोमन स्पेलिंग कोणी ‘ख’चा एच घालून करतो, कोणी गाळतो. संगणकाला हे आपोआप कळेलच असे नाही.

मूळ निबंध मिळवण्याचा प्रश्नही अर्धाच सुटला आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, आणि सुमारे ६,३०० संस्थांना ती खुली. पण मंजुरीच्या वेळी ही योजना केंद्र व राज्य सरकारे चालवत असलेल्या संस्थांपुरती होती. आपल्या तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत, अनुदान मिळत असले तरी. तिथल्या विद्यार्थ्याला लेखकाला पत्र लिहून निबंध मागण्याचा जुना मार्ग आजही उपयोगी पडतो. पूर्वी यासाठी छापील कार्डे असत, आता ई-मेल पाठवतात. उत्तर बहुधा येते.

आमचे ते पत्र्यांचे खोके अजून आहे. सीतापाराइटच्या पत्र्यावर काट मारलेली असून खाली लिहिले आहे: ‘बिक्सबाइट पाहा. मेसन, १९४२.’ कोपऱ्यात ‘ऐकीव’ असेच आहे. मेसनचा मूळ निबंध आम्ही अजून पाहिलेला नाही.