रक्तांतील हरवलेलें शिखर

रक्ततपासणीच्या कागदावर प्रतिद्रव्यांचा आंकडा कमी किंवा जास्त दिसला, कीं घरांत काळजी शिरते. हीं प्रतिद्रव्यें मोजतां येऊं लागलीं कशीं, हें समजल्यावर त्या आंकड्याचा अर्थ लावणें सोपें जातें.

1890 सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व किटासाटो यांनीं दाखवून दिलें, कीं धनुर्वाताचा प्रतिकार करणाऱ्या सशाचें रक्तजल टोंचलें असतां उंदीरहि त्या रोगांतून वांचतो. रक्तजलांत रक्षण करणारें द्रव्य होतें खरें. पण तें नेमकें कोणतें, याचा पत्ता लागावयास जवळजवळ अर्धें शतक गेलें. 1937 सालीं स्वीडनमधील टिसेलियस यांनीं विजेच्या प्रवाहानें रक्तजलांतील प्रथिनें वेगळीं करणारें यंत्र पुढें आणलें. प्रत्येक प्रथिन आपल्या वेगानें सरकतें आणि आलेखावर शिखरें उमटतात. सर्वांत मागें राहणाऱ्या शिखराला गॅमा म्हणतात. 1939 सालीं टिसेलियस व काबात यांनीं सशाच्या रक्तजलांतून प्रतिद्रव्यें काढून घेतलीं, तों नेमकें हेंच शिखर खचलें!

पुढें वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयांत डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांच्यापुढें आठ वर्षांचा एक मुलगा आला. चार वर्षांत 19 वेळां त्याला जंतुदोषाचा भयंकर ज्वर आला होता. लस टोंचूनहि प्रतिद्रव्यें निर्माण होईनात. आलेख काढला, तर गॅमाचें शिखरच नाहीं! ब्रूटन यांनीं दुसऱ्यांच्या रक्तांतून काढलेलें गॅमा ग्लोब्युलिन त्याला दरमहा टोंचलें आणि ते ज्वर थांबले. हा वृत्तांत 1952 सालीं प्रसिद्ध झाला. या रोगाचें मूळ एक्स गुणसूत्रावरील एका जनुकांत आहे, हें 1993 सालीं उघड झालें. म्हणूनच तो बहुधा मुलग्यांतच दिसतो.

मात्र कमी आंकडा म्हणजे जन्मजात दोषच, असें नव्हे. मूत्रपिंडांतून प्रथिनें वाहून जात असलीं तरी तो उतरतो. कांहीं महिन्यांच्या अर्भकांत तर तो स्वभावतःच कमी असतो, कारण आईकडून मिळालेली शिदोरी संपत आलेली असते आणि स्वतःची कमाई नुकतीच सुरू झालेली असते.

आंकडा वाढला, तर शिखराचा आकार पाहावा लागतो. दीर्घ जंतुदोषांत किंवा यकृताच्या विकारांत तें रुंद पसरतें, कारण अनेक जातींचीं प्रतिद्रव्यें एकदम वाढलेलीं असतात. सुळक्यासारखें अरुंद शिखर मात्र एकाच पेशीचा वंश माजल्याचें सुचवितें. तो मज्जेचा कर्करोग असूं शकतो. पण उतारवयांत असा लहानसा सुळका पुष्कळदां वर्षानुवर्षें निरुपद्रवी राहतो, आणि डॉक्टर औषध न देतां ठराविक काळानें केवळ तपासणी करीत राहतात.