धामापूरचा तलाव: पाणी आणि काठ

आचऱ्याहून मालवणमार्गे धामापूरला आलेला पर्यटक तलावाकाठचे श्रीभगवतीचे देऊळ आणि गर्द झाडी पाहून हरखतो. त्याच्यासाठी येथे नौकाविहाराची सोयही करण्यात आली. परंतु १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी हा तलाव बांधला तो शेतीसाठी. कोकणात पाऊस उदंड. मात्र उतारावरून तो पाहता पाहता समुद्राला मिळतो. त्याला बांध घालून थोपवले, तेव्हा धामापूर-काळसे परिसरातील शेतांना पाणी मिळाले. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने तलावाला जागतिक वारसा म्हणून गौरवले, तेही सिंचनाच्या या कामगिरीसाठीच. म्हणून काठावरच्या प्रत्येक नव्या सोयीला एकच प्रश्न विचारावा: तिच्यामुळे पाणी निर्मळ राहील का? काठाची रमणीयता शेवटी त्या पाण्याचेच देणे आहे.