तारांखालची जमीन

वीज कंपनीच्या माणसांनी तुमच्या परसातल्या मेपलचा शेंडा उडवला, तर तुम्हाला राग येणं साहजिक आहे. जमीन आपली, झाड आपलं, मालमत्ता कर आपण भरायचा. मग करवत त्यांची कशी? अमेरिकेत याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं: घराच्या जुन्या कागदपत्रांत, आणि १४ ऑगस्ट २००३ च्या दुपारी.

आधी कागदपत्रं. घर घेताना 'इझमेंट' हा शब्द तुमच्या नजरेखालून गेला असेल. गावाकडच्या वहिवाटीच्या वाटेसारखंच हे प्रकरण: शेत एकाचं, त्यातून जाण्याचा हक्क दुसऱ्याचा. मालक बदलला तरी हक्क जमिनीला चिकटून राहतो. १९३५ साली रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम सुरू केली, तेव्हा इथल्या दर दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि तारा याव्यात म्हणून अनेकांनी जमिनीतून जाण्याचा हक्क मोबदला न घेता लिहून दिला. पुढे अशा कित्येक शेतांवर वसाहती उठल्या. कंदिलाला कंटाळलेल्या कुणाची तरी सही आज तिथल्या घरमालकांना बांधून ठेवते. इतरत्र कंपन्यांनी पैसे मोजून पट्टे घेतले. पट्ट्यातली झाडं तोडण्याचा हक्क बहुधा या करारांतच असतो.

हक्क होता, पण तो दरवेळी वापरला जात नव्हता. त्याची किंमत २००३ मध्ये कळली. त्या गुरुवारी दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ओहायोतल्या क्लीव्हलंड-ॲक्रन भागात ३४५ किलोव्होल्टची एक वाहिनी झाडामुळे बंद पडली. तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. झाडच फार वाढलेलं होतं. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला. तार तापली की लांबते, तिला झोळ पडतो. ३:३२ ला दुसरी आणि ३:४१ ला तिसरी वाहिनी अशीच झाडांमुळे गेली. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभरापूर्वीच बंद पडली होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सव्वाचारच्या आत न्यूयॉर्क, डेट्रॉइट, टोरांटो अंधारात गेली. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली होती.

अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त चौकशीत दिसलं की ही झाडं कंपनीच्या ताब्यातल्या पट्ट्यांतच वाढलेली होती. १९९६ च्या ऑगस्टमध्ये ओरेगनमध्येही एक तार झाडाला लागून पश्चिमेकडे मोठा अंधार झाला होता. पण तोवर असे नियम पाळणं ऐच्छिक होतं. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ते सक्तीचे करण्याची वाट मोकळी केली, आणि २००७ पासून नियम मोडल्यास दंड होऊ शकतो; तेव्हा त्याची मर्यादा दिवसाला दहा लाख डॉलर होती. म्हणून पूर्वी फांद्या छाटून जाणारी माणसं आता बुंध्यापासून झाड काढतात.

मात्र हे संघराज्याचे नियम मुख्यतः २०० किलोव्होल्ट आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. रस्त्याकडेच्या खांबांवरच्या तारांना राज्याचे नियम लागू होतात. तेव्हा मोठ्या मनोऱ्यांचा कायदा सांगून कुणी खांबाजवळचं झाड तोडत असेल, तर जरूर विचारा.

आणि आपला कागद वाचा. पट्टा किती फुटांचा? फक्त छाटणी की तोडही? शेड बांधता येते का? भाजीच्या वाफ्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण उंच वाढणारं झाड तिथे लावूच नका. शिडी उभी करण्याआधी वर पाहा, कारण विजेला स्पर्शाची गरज नसते. जवळ गेलं तरी ती हवेतून झेप घेते. पट्ट्याबाहेरचं धोकादायक झाड तोडण्याचा हक्क काही करारांत असतो, काहींत नसतो. तुमच्या करारात काय आहे, हे करवत सुरू होण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं.