गाण्याच्या शाळेला जागा

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरवल्या होत्या. पण प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या आपल्या बाई आठवल्या आणि लेख दुसरीकडेच वळला. गाण्याच्या शाळेने गावात बसायचे कुठे, हा प्रश्न आपल्या नाशिकला नवा नाही. त्यात माझाही एक छोटा वाटा आहे, फारसा अभिमानाचा नसलेला.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या पाठबळावर संगीत शिकवायचे, हा त्यातला नवा विचार होता. संस्थानिकाच्या दरबारात किंवा गुरूच्या घरात होणारी तालीम आता वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत आली. आणि वर्ग म्हटला की इमारत आली. 1908 मध्ये पंडितजी मुंबईला आले. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची मोठी वास्तू उभी राहिली, ती कर्ज काढून. जलशांच्या उत्पन्नातून हप्ते भागवायचे, असा हिशेब होता. तो जमला नाही आणि 1924 च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य नाशिकशी जोडलेले आहे. रामनाम आधाराश्रम त्यांनी इथेच उभारला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे ‘बैजू बावरा’त उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर गायलेले डी. व्ही. पलुस्कर, 1921 मध्ये नाशिकलाच जन्मले. 21 ऑगस्ट 1931 रोजी पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि 1932 मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले. इमारत गेली, तरी शाळा उरली.

पंडितजींची अडचण पैशाची होती. आज पैसा जमला तरी नकाशा आडवा येतो. मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा 1915 मध्ये झाला, 1966 मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला आणि 2020 मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. घरात चार मुलांना गाणे शिकवणे वेगळे आणि तिकीट लावून दोनशे माणसे बसवणे वेगळे, हा त्यातला मूळ भेद. सभागृह म्हटले की रस्त्याची रुंदी, वाहनतळ, मोकळी जागा, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, सगळे पाहिले जाते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ध्वनिवर्धक रात्री दहानंतर बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे, म्हणजे भिंती चांगल्या हव्यात.

हे नियम मी वाचले ते उशिरा. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत एका बंगल्यात गाण्याचा क्लास होता. त्या ताईंना वरच्या मजल्यावर छोटी बैठकीची जागा करायची होती. गाड्या कुठे लावणार, रात्री झोप कशी लागणार, म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी विरोधाचा अर्ज केला. त्यावर माझीही सही होती. गाड्यांचा मुद्दा खरा होता, आजही मला तो खराच वाटतो. पण सही करण्याआधी मी त्यांना एकदाही भेटले नाही. महिन्यातून एकच बैठक, साडेनऊपर्यंत, एवढ्यावर कदाचित तोडगा निघाला असता. काही महिन्यांत ताईंनी क्लासच हलवला. संध्याकाळी कॉलनीतून ऐकू येणारा तानपुरा थांबला.

पंचवटीत इंद्रकुंडापाशी महापालिकेचे पंडित पलुस्कर सभागृह आहे. शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिर आहे. मोठ्या कार्यक्रमांना त्या जागा आहेत. अडते ते पन्नास-साठ श्रोत्यांच्या मैफलीचे आणि मुलांच्या पहिल्या सादरीकरणाचे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सुचवते. आपल्या शाळेत सभागृह आहे, पटांगण आहे, रुंद फाटक आहे, आणि संध्याकाळी सहानंतर तिथे फक्त शिपाईमामा असतात. संस्थेची संमती आणि लागेल ती परवानगी रीतसर घेऊन महिन्यातला एक शनिवार गाण्याला देता येईल का? संमेलनाचा शिल्लक निधी चांगल्या दारे-खिडक्यांना आणि दोन तानपुऱ्यांना पुरेल. शेजारच्या घरांना आधी भेटायला मी स्वतः जाईन. या वेळी अर्ज घेऊन नाही, आमंत्रण घेऊन.